कापराच्या पानांची पोटली

आमच्या अंगणात कापराचं झाड आहे असं सांगितलं की माणसं आधी हसतात. कापूर झाडापासून मिळतो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. तो किराणा दुकानाच्या बरणीतच जन्माला येतो अशी त्यांची समजूत असते. मग मी एक पान तोडायचो, पाहुण्याच्या तळहातावर चुरडायचो आणि म्हणायचो, घ्या वास. चेहरा असा काही बदलायचा की मला दर वेळी मजा वाटायची. हल्ली मी हा खेळ करत नाही. कोणी पान मागितलं तर नुसतं बोट दाखवतो आणि घरात जातो. असं का, ते एकदा लिहून काढायचं फार दिवस मनात होतं.

झाड बाबांनी लावलं. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावपासून फार लांब नाही. बाबा सालेकशाच्या रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत माळी होते. साग, बांबू, आवळा यांची रोपं पिशव्यांत भरायची, जगवायची आणि पावसाळ्यात गाडीत चढवून द्यायची, हे त्यांचं काम. एका वर्षी कुठूनशा आलेल्या रोपांत पाचसहा वेगळीच निघाली. कोणाच्याच यादीत ती नव्हती. तिथल्या साहेबांनी पान चुरडलं, वास घेतला आणि म्हणाले, कापूर आहे, थंड मुलखातलं झाड, इकडच्या उन्हात जगायचं नाही. बाबांपुढे एखाद्या रोपाबद्दल "जगायचं नाही" म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. त्यांनी एक रोप मागून घेतलं आणि सायकलच्या हँडलला पिशवी टांगून घरी आणलं.

पहिले तीन उन्हाळे त्यांनी त्या रोपावर पळसाच्या फांद्यांचा मांडव घातला. बुंध्याशी धानाची तणीस, म्हणजे वाळका पेंढा, अंथरली. एका फुटक्या मडक्याच्या बुडाला भोक पाडून त्यात चिंधी घातली आणि ते मडकं मुळाशी पुरलं, म्हणजे पाणी थेंबाथेंबानं मुरत राहील. आम्ही भावंडं आजारी पडलो तेव्हा बाबांनी इतकं केल्याचं मला आठवत नाही. आमची जागा वाळूमिश्रित, पाणी न साचणारी, ते बहुधा झाडाला मानवलं. चौथ्या वर्षी त्याला फाल्गुनात तांबूस पालवी फुटली तेव्हा बाबा रोपवाटिकेत जाऊन साहेबांना सांगून आले.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी देव बाहेर काढले तेव्हा आरतीचा कापूरही घरातून गेला होता. माय बाबांना चिडवायची, "सासऱ्यानं कापूर घराबाहेर काढला, आन् यानं झाडच आनून लावला." बाबा म्हणायचे, "झाडाले धरम नसते." आणि दोघं हसायची. झाडाला कोणी नमस्कार करताना दिसलं मात्र की बाबा चिडायचे. विहारात ऐकलेलं त्यांच्या अंगी मुरलं होतं की आधी स्वतः पाहावं आणि मगच मानावं. झाडालाही ते हाच नियम लावत.

झाडाचा उपयोग मायनं शोधला. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बायका सकाळपासून चिखलात वाकलेल्या. संध्याकाळी कंबर सरळ होत नसे. माय कापराची पानं ठेचायची, मोहाच्या तेलात मंद आचेवर तापवायची आणि फडक्यानं गाळून ठेवायची. ते तेल कमरेला, गुडघ्याला चोळलं की बायकांना दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकता यायचं. सर्दी झाली की उकळत्या पाण्यात चार पानं टाकून वाफ. बाबा पानं सगळ्यांना फुकट द्यायचे, पण कंडक्टरनं तिकिटाबरोबर थांबा सांगावा तसं बरोबर एक वाक्य द्यायचे, "लहान लेकराच्या नाकाजोड न्यायचा नाही, पोटात घ्यायचा नाही. नाक मोकळा होते, छाती होत नाही. दम लागला त दवाखान्यात जा." गावातल्या पोरांना हे पाठ होतं. ती बाबांची नक्कल करायची.

तेल न्यायला पाटलीणबाईही यायच्या. त्यांचा नवरा गावातला मोठा धानवाला, सगळे त्याला पाटील म्हणायचे. माय वर्षानुवर्षं त्यांच्याच धानाच्या बांध्यांमध्ये रोवणी करायला जायची. पाटलीणबाई अंगणाच्या काटेरी कुपाटीपाशी, कुंपणाबाहेरच थांबायच्या. दगडावर बाटली ठेवून दोन पावलं मागे सरायच्या. माय वरून तेल ओतायची आणि मागे व्हायची, मग त्या बाटली उचलायच्या. आमचं तेल त्यांच्या कमरेला चालायचं, आमचं पाणी चालत नव्हतं. मला हे दिसलं की माझं डोकं फिरायचं. माय म्हणायची, "तिच्या घरच्यायनं शिकवला तसं करते. बाई वंगाळ नाही." आणि ती खरंच वाईट नव्हती. नव्या धानाचे पोहे ती न चुकता पाठवायची. मी बी. एस्सी. झालो तेव्हा कुपाटीपलीकडून तिनं मायला विचारलं होतं, "पोरगा आता मास्तर होईल का ओ?" तिच्या आवाजात कौतुक होतं. मला ते तेव्हा ऐकायचं नव्हतं.

मी मास्तर झालो. विज्ञान शिकवतो. श्वासोच्छ्वास, फुप्फुसं, रक्तात ऑक्सिजन कसा मिसळतो, हे सगळं मी आकृत्या काढून दर वर्षी शिकवत आलो आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण माझ्यासाठीच कोणी करून ठेवली असावी.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी शाळा बंद होत्या आणि मी गावात रिकामा होतो. रिकामा मास्तर फार बोलतो. एकदा रेशनच्या रांगेत कोणीतरी आमच्या झाडाचा विषय काढला, आणि मी ज्ञान पाजळलं की हे झाड मूळचं चीन-जपानकडचं, तिकडे हजारो वर्षं औषधात वापरतात. लोकांनी माना हलवल्या. मीही विसरून गेलो.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात गावात घरोघरी ताप आला, आणि मोबाइलवर एक निरोप फिरू लागला की कापूर, ओवा आणि लवंगेची पोटली करून हुंगत राहा, ऑक्सिजन वाढतो. आमगावच्या दुकानांतला कापूर दोन दिवसांत संपला. तेव्हा गावाला आमचं झाड आठवलं, आणि माझं रेशनच्या रांगेतलं बोलणंही. एकानं हिशेब मांडला, "रोग चीनचा, झाडबी चीनचा. ज्या बिळातला साप, त्याच बिळापाशी त्याची जडी." हे तर्कशास्त्र गावाला इतकं पटलं की सकाळी उठून पाहतो तर फाटकाशी दहाबारा माणसं उभी. सगळ्यांच्या हातात फडकी. मी शिकवलेल्या विज्ञानाचं गावात इतकं चीज कधी झालं नव्हतं.

पहिले दोन दिवस बाबा स्वतः झाडाखाली उभे राहिले. पानं देत आणि आपलं वाक्य म्हणत. लोकांना ते वाक्य नको होतं. "बुढा कटकट करते," असं म्हणत ते पोटली बांधायचे. तिसऱ्या दिवशी बाबांना ताप आला. त्यांनी स्वतःच मागच्या खोलीत खाट टाकली, दार लावून घेतलं आणि खिडकीतून मला म्हणाले, "पानं तू दे. पन सांगून दे."

मी पानं देऊ लागलो. पहिल्या काही जणांना सांगितलंही. मग पाटील आला.

तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, हातात काठी. तो फाटकातून आत आला. आजवर त्यानं आमच्या फाटकातून आत पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. मी लहान असताना तो मला "ए माळ्याच्या" म्हणून हाक मारायचा. आता झाडाखालच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्या झाडाचा लय नाव आयकून राहिलो." तुमच्या! मायनं दारातून पाहिलं आणि न विचारता चहा टाकला. कपबशी तिनं पदरानं पुसून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं दुपट्टा खाली केला आणि चहा प्यायला. सगळा प्यायला. आमच्या घरचा चहा. हे वाचून कोणाला वाटेल, त्यात काय एवढं. ज्याच्या मायनं उभा जन्म वरून तेल ओतलं आहे त्यालाच कळेल त्यात काय ते.

मग त्यानं विचारलं, "मास्तर, याच्यानं आक्सिजन वाढते म्हनतेत. खरं आहे का?"

उत्तर मला माहीत होतं. एका शब्दाचं उत्तर होतं. पण "नाही" म्हटलं तर तो उठेल, पुन्हा येणार नाही, ही खुर्ची रिकामी होईल, असं मला वाटलं. मला त्याला बसवून ठेवायचं होतं. मला, चाळीस वर्षांच्या शिकल्यासवरल्या माणसाला, पाटील आपल्या अंगणात बसला आहे याचा असा कैफ चढला होता की लाज वाटावी. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, असंही म्हणता येत नाही. मी आपला आपणच कापराच्या झाडावर चढलो होतो. मी म्हणालो, "वास घेतला की बरं वाटते." वाक्य खोटं नव्हतं. खोटं न बोलता फसवायचं कसं हे शिकलेल्या माणसाला छान जमतं. पाटलानं मान हलवली, पानं घेतली आणि गेला.

बाबांनी खिडकीतून विचारलं, "कोन होता?"

"पाटील."

"चाय पेला?"

"प्यायले."

बाबा खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "सांगतलास ना त्यायले?"

"सांगितलं," मी म्हणालो.

पाटील पुढचे दोन दिवसही आला. येताना आणखी दोघांना घेऊन आला, त्याच्याच बरोबरीचे. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मी शेजारून मागून आणल्या. झाडाखाली बैठकच भरली. माझं तोंड चालू होतं, झाडाचं मूळ, त्याचं तेल, चीन, जपान. तेवढं एक वाक्य सोडून मी सगळं बोललो.

माझ्याकडे बोटाला लावायचं ऑक्सिमीटर होतं. गोंदियात तीन दुकानं फिरून मिळवलं होतं. सकाळ-संध्याकाळ बाबांचं बोट खिडकीतून बाहेर घेऊन मी आकडा बघायचो. पाटील पहिल्यांदा आला त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी आकडा नव्वदवर आला. मी पान तोडलं नाही, पोटली केली नाही, पाणी उकळलं नाही. सरळ ओळखीच्या गाडीवाल्याला फोन केला. अर्ध्या तासात गाडी दारात होती. बाबांना मागच्या सीटवर आडवं केलं, मायला घरीच थांबायला सांगितलं. माझ्या बापाच्या बाबतीत मला सगळं विज्ञान आठवलं.

गाडी फाटकातून बाहेर काढताना पाटील समोर उभा होता. त्या दिवशी तो एकटाच आला होता, घाईत होता.

"मास्तर, कोठी?"

"बाबांना गोंदियाला नेतो. दवाखान्यात."

"बरं बरं, जा." मग गाडीच्या काचेशी येऊन म्हणाला, "घरचीले दोन दिसापासून दम लागून राहिला. तुम्ही काय म्हनता?"

गाडी सुरू होती. ऑक्सिमीटर माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. पुढची सीट रिकामी होती, मी मागे बाबांजवळ बसलो होतो. त्याचं घर पन्नास पावलांवर. मी म्हणू शकलो असतो, आणा त्यांना, बसा गाडीत. मी म्हणू शकलो असतो, हे यंत्र घेऊन जा, बोटाला लावा आणि आकडा सांगा. यांतलं काही मला सुचलंच नाही असं मी पुढे फार दिवस स्वतःला सांगत होतो. सुचलं होतं. पण पाटलीणबाई आमच्या आजारी बापाच्या गाडीत बसणार आहे का, असा एक कडवट विचार मनात आला, आणि त्या विचाराला मी बिलगलो. मी खाली उतरलो, हाताला येईल ती एक मोठी फांदी मोडली आणि पाटलाच्या हातात दिली. तोंडानं काही बोललो नाही. बाबा मागच्या सीटवर डोळे मिटून पडले होते. त्यांनी पाहिलं नाही.

बाबा दवाखान्यात बरेच दिवस होते. नाकाला नळी, पालथं झोपवलेले. गोंदियाच्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मी एक घोंगडी टाकून राहिलो. तिथेच तिसऱ्या दिवशी मायचा फोन आला, "पाटलीन गेली रे." मी विचारलं, दवाखान्यात नेलं होतं का. माय म्हणाली, "काल नेऊन राहिले होते. रस्त्यातच गेली." मग ती रडायला लागली. ज्या बाईनं हिच्या हातचं पाणी प्यायलं नाही तिच्यासाठी माय फोनवर ओक्साबोक्शी रडत होती. मला रडू आलं नाही. मी फोन ठेवला आणि व्हरांड्यातल्या नळावर जाऊन हात धुतले. हातांना कापराचा वास येतो आहे असं मला वाटत होतं. तीन दिवसांत तो वास राहणं शक्य नाही, हेही मला माहीत होतं.

बाबा बरे होऊन घरी आले. अंगात काही उरलं नव्हतं, पण आले. पाटलीणबाईंचं कळल्यावर त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं. मग मला एकच विचारलं, "तू सांगतला होतास ना त्यायले?" मी म्हणालो, "हो बाबा." त्यांनी मान डोलावली. म्हणाले, "मंग आपन काय करनार." दोन वर्षांनी ते गेले, आपल्या मुलानं आपलं वाक्य पोचवलं होतं याच समजुतीत गेले. त्यांच्याशी मी आयुष्यात लहानमोठं बरंच खोटं बोललो असेन, पण हे एक परत घ्यायला मला काहीही द्यावं लागलं तरी चालेल. घेणारं कोणी उरलं नाही.

साथ सरली तशी झाडाखालची बैठक उठली. गरज सरो, वैद्य मरो, लोकांना काय दोष द्यायचा. शेजारच्या खुर्च्या मी परत नेऊन दिल्या. पाटील मात्र येत राहिला. महिन्यादोनमहिन्यांनी यायचा, बसायचा, चहा घ्यायचा, मायशी दोन शब्द बोलायचा. आपल्या बायकोबद्दल तो कधी बोलला नाही. झाडाकडे बघून एवढंच म्हणायचा, "चांगला वाढला." तो गेला की मी दिवसभर कोणाशी नीट बोलत नसे. शाळेत पोरांना विनाकारण मार बसायचा. एकदा फुप्फुसांचा धडा मी दुसऱ्या मास्तरांना शिकवायला दिला आणि घसा बसल्याचं सोंग केलं.

या हिवाळ्यात तो आला तेव्हा फाटकापासून खुर्चीपर्यंत येतानाच दोनदा थांबला. धाप लागली होती. ओठ मला काळपट दिसले. बसल्यावर बराच वेळ त्याला बोलता येईना. मग काठीनं झाडाकडे खूण करून म्हणाला, "दोन पानं द्या मास्तर. पोटली करतो."

माय आत होती. मी उभाच होतो. माझ्या तोंडून आलं, "नाही देत."

"काऊन?"

"पाटील, याच्यानं नाक मोकळं होतं, छाती होत नाही. दम लागला की दवाखान्यात जायचं असतं. गोंदियाला चला, मी गाडी बोलावतो." एवढं बोलून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण एकदा सुरू झालं ते थांबलं नाही. मी म्हणालो, "तेव्हाही याच्यानं काही होणार नव्हतं. मला तेव्हाच ठाऊक होतं. तुम्ही विचारलं होतं, आणि मी सांगितलं नाही."

तो ओरडेल, काठी उगारेल, निदान उठून जाईल असं मला वाटलं. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता श्वास घेत बसला. दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग हळूहळू, दर दोन शब्दांनी थांबत बोलला.

"त्या दिशी मी गाडी बोलावली होती, मास्तर. दारात उभी होती. ती बसाले तयार नव्हती. म्हने, आंदी मास्तरले इचारून या, तो शिकला आहे, तो सांगन तसं करू. म्हनून मी धावत आलो तुमच्याकडे." त्यानं दम घेतला. "तुम्ही फांदी देल्ली. मी घरी जाऊन तिले दाखवली. म्हनलं, मास्तरनं हे देल्लं. मंग तिनं गाडी वापस पाठवली."